रेघ आणि राळ

आर्णी,
६ जानेवारी २०२५

मामाजींना निकिताचा जय भीम.

उर्वशीताईच्या क्वार्टरवर रेंज नाही, अन् असती तरी तुमच्या कानाले फोन चालत नाही, म्हणून पत्र लिहून राह्यली. मागच्या वेळी ताईनं टेकडीवर चढून फोन लावून देल्ला, तं तुमी माहं एक अक्षर न ऐकता धा मिनिट स्वतःच बोलले अन् फोन ठेवून देल्ला. पत्रात निदान माहं पूर्ण होईन तरी.

आपल्या गॅरेजच्या शेडमदी एक गाडी येऊन उभी हाय अन् तिनं आठ दिवसांपासून माहं डोकं खाल्लं. मैनाबाईचा भारत आठवते ना, पुण्याले कंपनीत हाय तो? त्यानं तिसऱ्या हाताची एक विलायती गाडी घेतली. दोन दरवाजे, बसलं का बुड जमिनीले टेकते असं वाटते. पुण्याहून इथवर आली अन् आर्णीच्या फाट्यावर तिनं जीव टाकला. बंद नाही पडली, पण जोर गेला. भारत म्हणे, निकिता, मोपेडवाला मले मांगं टाकून गेला!

हिच्या इंजिनवर सुपरचार्जर हाय. म्हणजे हवा दाबून दाबून इंजिनात घुसवणारा पंप. जेवढी हवा तेवढा जोर. हा पंप चालते पट्ट्यावर. खाली क्रँकची, म्हणजे इंजिनच्या मुख्य शाफ्टची, मोठी पुली, वर पंपाची लहान पुली, दोघींच्या मधात रबरी पट्टा, अन् त्याले ताण देणारी एक पुली बाजूनं. म्हणूनच तुमाले लिहून राह्यली. कापसाच्या जिनिंगमदी बावीस वर्षं तुमी पट्टे सांभाळले, पट्ट्याचं तुमच्याएवढं जिल्ह्यात कोणाले समजत नाही.

दुखणं असं हाय. समोर हवेच्या दाबाचा काटा हाय, तो आठावर जायले पायजे. सकाळी थंडीत जाते बी. गाडी तापली का पाचावर, मंग चारावर. पाय दाबला का पट्टा किंचाळते. पुलीच्या मांगच्या बाजूनं काळी भुकटी पडते. मी कॉम्प्रेसरनं हवा भरून सगळ्या पाइपले साबणाचं पाणी लावलं, एक बुडबुडा नाही. दाब सोडणारा व्हॉल्व्ह काढून पाह्यला, चांगला हाय. ताणाची पुली बदलली. पट्टा पुण्याहून नवा बोलावला. तरी तेच. आता मले रडू येऊन राह्यलं, खरं सांगते.

२५ तारखेले प्रेरणाचं लग्न हाय, यवतमाळच्या हॉलवर. भारतले बहिणीले याच गाडीत बसवून न्यायचं हाय. बाई, लग्नात दुसरी गाडी नाही का? पण नाही, हेच पायजे.

दुसरी गोष्ट. आई म्हणत होती का बंटीदादा शेडची जागा मोटरसायकलच्या शोरूमले द्यायले मागते. खरं हाय का? तुमी शेडची चावी माह्या हातात देऊन झरीले गेले त्याले दोन वर्षं झाले. अजून बी गिऱ्हाईक येते, माह्या तोंडाकडे पाहते अन् विचारते, "मिस्त्री कुठी गेले?" मी पाना हातात घेऊन उभी, तरी विचारते. ते मी सहन करते. पण शेड गेली तं मी कुठी उभी राहू? खरं असन तं तुमीच सांगा, लोकांच्या तोंडून नोको.

आई बरी हाय. तुमचे कान कसे हायेत?

तुमची,
निकिता


वनविभागाचं क्वार्टर,
ता. झरी जामणी
१२ जानेवारी २०२५

चि. निकितास डोमाजीचा जय भीम अन् आशीर्वाद.

कान होते तसेच हायेत, म्हणजे नाहीत. उर्वशीनं कानाची मशीन आणून देल्ली, ते डब्यात ठेवली. कानात कोंबडे आरवल्यासारखं होते. लेक दिवसभर जंगलात ड्युटीवर, मी अंगणात. बरं हाय.

शेडचं खरं हाय. आज रविवार, बंटी येऊन गेला. त्याचं म्हणणं, निकिता पंक्चर काढते अन् ऑइल बदलते, तेवढ्यासाठी रोडवरची जागा कायले अडवायची? जागा माह्या नावानं हाय अन् पोरगा बी माहाच हाय. मी त्याले सांगतलं, हे विलायती गाडी निकितानं लग्नाच्या आधी बरोबर करून देल्ली तं शेड तिची, कोणी बोट लावणार नाही. नाही झाली तं २६ तारखेले कागद घेऊन ये, सही करतो. तुले राग येईन, येऊ दे. राग आला का तुहं काम चांगलं होते, हे मले लहानपणापासून माहीत हाय.

अन् लोक मिस्त्री विचारतात तं विचारू दे. मिस्त्री कोणी चावी हातात घेतल्यानं होत नाही.

आता पट्टा. एवढे कागद भरले अन् मेन गोष्ट विसरली. राळ लावली का? जिनिंगचा पट्टा ओरडला का आमी दुसरं काही पाहतच नव्हतो. राळ बारीक कुटायची, फडक्यात बांधायची अन् मशीन बंद करून पट्ट्याच्या आतल्या अंगाले थोपटायची. चालू पट्ट्यावर हात घालशीन तं मी येऊन मारीन. इथल्या सालईच्या झाडाची राळ चांगली चिकट हाय. पाकिटात पुडी टाकली, तेवढी पुरते.

दुसरं, रोज सकाळी रेघ मारते का? का सोडून देल्लं? खडूची एक सरळ रेघ, मधातल्या शाफ्टपासून पुलीच्या कडेपर्यंत. काम झालं का पाहायची. रेघ सरळ असन तं पुली जाग्यावर हाय, रेघ तुटली तं कुठीतरी काही सरकलं. जिनिंगमदी रेघ मारल्याबिगर मी कोणाले बटन दाबू देल्लं नाही, मॅनेजरले बी नाही. तू फ्रॉक घालत होती तवापासून पाण्याच्या पंपाले तूच रेघ मारत होती. या गाडीच्या पुलीले मार.

राळ अन् रेघ. एवढं कर अन् मले लिही.

तुहा मामा,
डोमाजी


आर्णी,
१५ जानेवारी २०२५

मामाजी, जय भीम!

तुमच्या पायाचा फोटो काढून शेडमदी लावू का? झालं! बाप्पा, झालं!

काल संक्रांतीच्या दिवशी पत्र भेटलं. आज सकाळी साडेसहाले शेड उघडली, थंडी अशी का पाना हाताले चिकटून राह्यला. पुडी कुटली, फडक्यात बांधली, तुमी म्हटलं तशी थोपटली. गाडी चालू केली तं पट्ट्याचं तोंड बंद! चूं नाही का चां नाही. भारतले बोलावलं. कोळवण फाट्यापर्यंत जाऊन आलो, पाच किलोमीटर असन. काटा आठावर, हलला नाही. परत येताना भारत असा ओरडला का चहाच्या टपरीवरचे लोक उठून उभे राह्यले. मैनाबाईनं तिळाचे लाडू पाठवले डबाभर. प्रेरणा स्वतः येऊन गाडीत बसून पाहून गेली, शालू आत मावते का म्हणून.

रेघ नाही मारली. रागावू नोका. क्रँकच्या पुलीले मधात मुठीएवढा बोल्ट हाय, आत पुलीले अडवणारी लोखंडी चावी हाय, ते कुठी सरकते? जिनिंगच्या जुन्या पुल्या येगळ्या, हे अखंड लोखंड हाय. अन् आता झालंच तं रेघ कायले?

बंटीदादाले सांगा का शोरूमसाठी दुसरी जागा पाय म्हणा. तुमीच सांगा, माह्या तोंडून ते त्याले झोंबीन. आईनं आज पाहुण्यांजवळ दोनदा सांगतलं का आमच्या निकितानं विलायती गाडी केली. आई अशी कधी बोलत नाही.

भारत उद्या गाडी दिग्रसले नेते, त्याच्या मामाले दाखवायले. मी म्हटलं खुशाल ने.

तुमची,
निकिता


आर्णी,
१७ जानेवारी २०२५

मामाजी,

परवाचं पत्र फाडून टाका.

काल दिग्रस रोडवर वीस किलोमीटर गेली अन् काटा धपकन तीनावर. मंग जळका वास, मंग धूर. भारतनं बोनट उघडून पाह्यलं तं पट्ट्याच्या चिंध्या. गावातल्या नानाजीच्या ट्रॅक्टरले दोर बांधून आणली. कुठून आणली? भर बाजारातून! हळूहळू, माणूस चालते तशी. सगळ्या आर्णीनं पाह्यलं का निकितानं केलेली गाडी ट्रॅक्टरमांगं येऊन राह्यली. कोणीतरी बोललं बी, "डोमाजी मिस्त्री असते तं हे झालं नसतं."

डोमाजी मिस्त्री असते तं! मामाजी, राळ तुमी लावायले सांगतली!

तुमचा जिनिंगचा पट्टा चामड्याचा अन् सपाट. याच्या पट्ट्याले आतून सहा नाल्या हायेत, पुलीले बी सहा नाल्या, एकमेकीत बसतात. राळ तापली, पातळ झाली, त्यात रोडची धूळ बसली अन् नाल्यांमदी गोळे झाले. मंग पट्टा पुलीवर चढला अन् फाटला. दोन तास बसून सुईनं पुलीच्या नाल्या कोरल्या मी. अजून बोटं चिकटून राह्यले, हा कागद पाहा, डाग दिसतीन.

अन् सगळ्यात जास्त राग माहा मलेच येते. मले माहीत होतं. आयटीआयच्या पुस्तकात लिहून होतं, नालीच्या पट्ट्याले काही लावायचं नाही, ना तेल, ना राळ, ना पावडर. मी वाचलं होतं. पण पाकिटातून तुमची पुडी निघाली, तुमच्या हातची बांधलेली, अन् मी गप लावली. तुमाले नाही कसं म्हणू? लहानपणापासून एकदा बी नाही म्हटलं नाही. तुमी म्हटलं असतं का रेडिएटरमदी ताक टाक, तं तेही टाकलं असतं मी. बह्याड हाव मी, दुसरं काय!

भारत ओरडला नाही. ओरडला असता तं बरं झालं असतं. तो फक्त म्हणे, "राहू दे निकिता, तुहं काम नाही हे." त्यानं नागपूरच्या वर्कशॉपले फोन केला, २३ तारखेले दुपारी गाडी उचलून न्यायले ट्रक येते. म्हणजे लग्नात गाडी नाही, अन् शेड बी गेली. एक जादा पट्टा त्यानं पुण्याहून आणला होता तो मी टाकला, तरी सकाळी आठ, दुपारी चार. म्हणजे राळेच्या आधी जे दुखणं होतं ते तसंच हाय. आपण त्याले हात बी लावला नाही.

मले आता काही सुचत नाही. तुमी काही सांगू बी नोका.

निकिता


ता. झरी जामणी
१८ जानेवारी २०२५

चि. निकितास अनेक आशीर्वाद.

आज तुहं पंधरा तारखेचं पत्र आलं. उर्वशीले मोठ्यानं वाचायले लावलं. मले ऐकू येत नाही हे खरं, पण तिच्या तोंडाकडे पाहत बसलो. मंग स्वतः दोनदा वाचलं.

गावात सांगून आलो. इथले कोलाम लोक मले बहिरा बुढा म्हणून ओळखतात, आजपासून राळवाला बुढा म्हणतीन. चक्कीवाल्या मोतीबाईले सांगतलं का विलायती गाडीचा पट्टा माह्या पुडीनं गप झाला. ती म्हणे, माह्या चक्कीचा बी कधीकधी कुरकुर करते. म्हटलं येतो एक दिवस.

बंटीले चिठ्ठी लिहितो.

पण रेघ काहून नाही मारली? अखंड लोखंड हाय म्हणते. तू आत जाऊन पाह्यलं का? सकाळी बरी, तापल्यावर मरते, असं तूच लिहिलं. पट्टा घसरते तं सकाळी काहून घसरत नाही? मले हे काही पटून नाही राह्यलं. गाडी झाली असन तरी रेघ मार. मले बरं वाटावं म्हणून मार.

तुहा मामा,
डोमाजी


ता. झरी जामणी
२१ जानेवारी २०२५

निकितास,

सतरा तारखेचं पत्र काल भेटलं.

बावीस वर्षं राळ लावली. एक पट्टा फाटला नाही. तुह्या हातून एका दिवसात फाटला. बोटभर लावायची तिथं ओंजळभर लावली असशीन. पुस्तकात लिहून होतं तं मले पत्रात काहून नाही लिहिलं? तोंड शिवलं होतं का कोणी? आधी गप राहायचं, फाटल्यावर म्हणायचं मले माहीत होतं. हे बरं हाय.

ज्या गोष्टीनं गाडीले काही इजा नव्हती, एका खडूच्या तुकड्याचं काम होतं, ते दोनदा सांगून केलं नाही. जे केलं ते धड केलं नाही. मंग मले पत्र कायले लिहिते? तुह्या पुस्तकाले लिही.

मी इथी गावभर सांगून बसलो. आता कोणत्या तोंडानं सांगू?

ठरलं तसं होईन. बंटी सव्वीसले येते. मी सही करतो. हत्यारं तुही हायेत, ते कोणी नेणार नाही.

डोमाजी


आर्णी,
२४ जानेवारी २०२५

मामाजींना जय भीम.

तुमचं एकवीस तारखेचं पत्र आज दुपारी आलं. वाचून खूप रडली, मंग चहा पेली, मंग हे लिहायले बसली. हे पत्र तुमाले सव्वीसच्या आधी भेटणार नाही हे मले माहीत हाय. उद्या पोस्टात टाकीन, परवा रविवार अन् वरून झेंडावंदनाची सुट्टी. ताईचा फोन दिवसभर लावला, लागत नाही. बंटीदादाले लावला, त्याले सगळं सांगतलं, तो म्हणे, "बाबाचं काय ते बाबा पाहतीन." तरी लिहिते. तुमची सही झाल्यावर वाचा.

एकवीसले तुमचं ते अठरावालं पत्र आलं होतं, गावभर सांगून आलो म्हणणारं. त्यात पुन्हा रेघ. मामाजी, खरं सांगते, मले असा संताप आला का मी ठरवलं, आता रेघ मारतेच. मारते, गाडी तापवते, अन् न तुटलेल्या रेघेचा फोटो प्रिंट काढून तुमाले पाठवते. म्हणजे तुमचं तोंड एकदाचं बंद होईन. म्हणून मारली. चांगल्या मनानं नाही मारली.

मधातल्या बोल्टपासून पुलीच्या कडेपर्यंत, पांढरी, सरळ. गाडी घेऊन कोळवण फाट्यापर्यंत तीनदा गेली आली, चांगली तापवली. काटा चारावर. शेडमदी येऊन बॅटरी लावून पाह्यलं.

रेघ तुटली होती. मधातली मधात, अन् कडेची चार बोटं मांगं.

मी तिथंच जमिनीवर बसली. मंग पुली काढली. अखंड लोखंड नव्हतंच. आतला गोल येगळा, बाहेरचं कडं येगळं, अन् दोघांच्या मधात रबराचं वेटोळं चिकटवलेलं, इंजिनचा हादरा खायले. ते रबर जुनं होऊन सुटलं. थंडीत घट्ट धरते, तापलं का सोडते. आतला गोल इंजिनसंगं पूर्ण फिरते, बाहेरचं कडं मांगं राहते, अन् पट्टा कड्यावर हाय! कडं डोलते म्हणून पट्टा किंचाळते. ते काळी भुकटी पट्ट्याची नव्हतीच, रबराची होती. म्हणून तं मांगच्या बाजूनं पडत होती. रोज झाडून राह्यली होती मी, अन् डोळ्यानं पाहत नव्हती.

पट्टा एक दिवस बी घसरला नाही, मामाजी. आपण दोघं त्याच्यावरच उठलो होतो. पंधराले जे गाडी पळाली ते राळेनं नाही, थंडीनं पळाली.

भारतले बोलावून रेघ दाखवली. त्याले इंजिनचं काही समजत नाही, पण तुटलेली रेघ समजली. पुण्याच्या मित्राकडून त्यानं ट्रॅव्हल्सनं नवी पुली बोलावली, तेवीसले सकाळी आली. दुपारी नागपूरचा ट्रक येऊन उभा, अन् मी गाडीखाली बोल्ट कसून राह्यली. ड्रायव्हर म्हणे, ताई, उचलू का? म्हटलं, अर्धा तास थांब. तापवली, दिग्रस रोडवर नेली, आणली. आठ. आठावरच. रेघ सरळ. ट्रक रिकामा परत गेला.

उद्या प्रेरणा याच गाडीत जाते.

शेड तुमची हाय, तुमी कोणाले बी द्या. पण तुमचं रेघेचं बरोबर होतं अन् मी पहिल्यांदा ऐकलं नाही, हे माह्या मनाले लागून हाय. अन् राळेचं चूक होतं, ते बी लिहून ठेवते, कारण या वेळी गप राह्यली तं पुन्हा तेच होईन. अन् ओंजळभर नव्हती लावली. तुमी पाठवली तेवढीच होती.

तुमची,
निकिता


ता. झरी जामणी
२८ जानेवारी २०२५

निकितास डोमाजीचा जय भीम.

चोवीस तारखेचं पत्र आज भेटलं. उर्वशीनं जंगलातून येताना आणलं. चार बोटं रेघ तुटली तिथं येऊन थांबलो अन् अंगणात दोन चक्कर मारले. मंग पुढचं वाचलं.

आता माहं ऐक. एकवीसचं पत्र बावीसले सकाळी पोस्टाच्या पेटीत टाकलं अन् तिथूनच तणतणत मोतीबाईच्या चक्कीवर गेलो. तिच्या मोटरचा पट्टा बी आता रबरी हाय, नालीत बसणारा. म्हटलं हे पोट्टी मले पुस्तक शिकवते, हिले दाखवतो. राळ घेतली, बोटभर, मोजून, अन् माह्या हातानं थोपटली. मोतीबाईनं चालू केली. पट्टा गप. मी तिथंच बाजेवर छाती फुगवून बसलो. अर्धं पोतं दळलं नसन तं वास सुटला. मले ऐकू येत नाही, पण नाक हाय. पट्टा नालीत उलटा झाला अन् तुटून भिंतीवर जाऊन पडला. कोणाले लागलं नाही, एवढं बरं झालं.

या गावात एकच चक्की हाय. सहा दिवस झाले, बाया डोक्यावर दाणे घेऊन दुसऱ्या गावाले जाऊन राह्यल्या. जाता जाता माह्याकडे पाहतात. काय बोलतात ते ऐकू येत नाही, पण तोंडं पाहून समजते. उर्वशी तीन दिवस माह्याशी बोलली नाही, अन् मले ते उशिरा लक्षात आलं.

तं बावीसलेच मले समजलं होतं का राळेचं तुहं बरोबर होतं. मंग तुले लिहायले काहून नाही बसलो? लाज वाटली. सरळ सांगतो. कान गेले तवा एवढं वाईट वाटलं नव्हतं. मले वाटे, कान गेले तरी हात हाय, हातातलं गेलं नाही. अन् त्या दिवशी हातातलं बी जुनं झालं.

बंटी सव्वीसले आला, कागद घेऊन. गाडीचं मी विचारलं नाही अन् त्यानं सांगतलं नाही. मले वाटलं गाडी नागपूरले गेली. त्यानं पेन माह्या हातात देल्ला. मी कागद पाह्यला अन् मनात म्हटलं, राळ म्या सांगतली, पट्टा म्या फाडला, अन् शेड निकिताची जाते, हे कुठचं? पेन त्याच्या खिशात परत लावून देल्ला. वहीवर लिहून दाखवलं, "गाडी गेली तरी सही नाही." तो लय भडकला. आज तुहं पत्र वाचून समजलं का त्याले गाडी झाल्याचं माहीत होतं अन् पोट्टा तोंड दाबून बसला होता. येऊ दे आता, पाहतो त्याले.

शेड तुही हाय. हे मी गाडी झाली म्हणून नाही लिहित, आधीच ठरलं होतं, हे ध्यानात ठेव.

आता काम. मोतीबाईच्या चक्कीचा पट्टा पाठवू नोको, घेऊन ये. तुटका पट्टा मी मोजला, B-68 मापाचा हाय, दोन आण. मोटरची पुली बी पाहून घे, मले ते डोलते असं वाटते, पण माह्या वाटण्यावर जाऊ नोको. मी म्हटलं मीच टाकून देतो, तं बायांनी मले चक्कीच्या दाराशी उभं राहू देल्लं नाही. मोतीबाई हातवारे करून विचारे, मंग कोण करीन? गावात दुसरं कोणी हाय का?

मी सगळ्या गावात सांगून ठेवलं हाय का रविवारी आर्णीवरून मिस्त्री येऊन राह्यली.

सकाळच्या गाडीनं निघ. खडू इथी हाय. राळ आणू नोको.

डोमाजी